पापड एकटीने लाटत नाहीत

सकाळी आईने खिडकी उघडली आणि वाफेचा वास आत आला. तांदळाची उकड, तिच्यात जिरं आणि पापडखार, आणि खाली पेटलेली सुरूची लाकडं. म्हणजे आज चंद्राकाकूकडे पापड. आमच्या वाडीत चैत्र असाच कळतो. चौदा एप्रिलला, जयंतीला, मुंबईची माणसं गावी येतात, परत जाताना त्यांच्या पिशवीत पापड गेले पाहिजेत, म्हणून त्याआधी रोज एकेका घरचे पापड होतात. सगळ्या बाया आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन त्या घरी जमतात. विहाराच्या गच्चीवर जुन्या साड्या अंथरलेल्या असतात. दुपारी खाडीकडून वारा आला की त्या साड्यांची टोकं फडफडतात आणि लहान मुलं त्यांवर दगड ठेवत धावतात.

वास आला तरी मी लगेच उठले नाही. आधी एक पापणी उघडून पाहिली, मग दुसरी. दोन्ही वर गेल्या. मग खिडकीच्या गजांकडे पाहिलं. गज जेवढे आहेत तेवढेच दिसले, एकाचे दोन झाले नाहीत. चांगली सकाळ आहे, असं मी स्वतःला सांगितलं आणि उशाशी ठेवलेली गोळी घेतली.

हे नीट सांगता येईल का मला माहीत नाही. मला मायस्थेनिया आहे. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर मॅडमनी पहिल्यांदा हा शब्द उच्चारला तेव्हा मी तो हातावर पेनाने लिहून घेतला होता. मॅडम म्हणाल्या, "तुझ्या नसा ठीक आहेत, स्नायूही ठीक आहेत. नस हाक मारते, पण ती स्नायूपर्यंत पोचत नाही. तुझ्याच शरीराने मध्ये अडथळा घातलाय." आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंजे घरातल्याच माणसानं आतून कडी लावलीय?" मॅडम म्हणाल्या, "हो, तसंच." परतीच्या एसटीत आईने तिकिटं पदराच्या गाठीत बांधली. मग म्हणाली, "घरातलंच माणूस हाय तर त्याच्याशी सांभाळूनच ऱ्हायला लागंल."

तेव्हापासून आम्ही सांभाळून राहतो. माझी ताकद सकाळी भरून येते आणि वापरली की ओसरते. ओहोटी लागली तरी ओरडून उपयोग नसतो, हे दिघीच्या खाडीकाठी वाढलेल्या मुलीला कुणी वेगळं शिकवायला लागत नाही. वेणी घालायची तर सकाळी. चपाती चावायची तर गोळीचा असर असेपर्यंत. संध्याकाळी माझा आवाज नाकात जातो. हसायला गेले तर ओठ वर जात नाहीत आणि मी कुणावर तरी चिडलेय असं वाटतं. त्यामुळे संध्याकाळी कुणी विनोद केला की मी हात वर करते. घरच्यांना कळतं की ही हसली.

डावी पापणी पहिल्यांदा पडायला लागली तेव्हा कुणालाच काही कळलं नव्हतं. चंद्राकाकू, म्हणजे आमच्या वाडीतली सगळ्यांत मोठ्या तोंडाची बाई, मला भर रस्त्यात म्हणाली होती, "आगं बाय, भर दुपारची मला डोळा मारतीस व्हय?" सगळ्या हसल्या, मीही हसले. नंतर निदान झालं तेव्हा काकू घरी आली, चहा पुढे केला तरी तिने घेतला नाही. जाताना म्हणाली, "मारत जा डोळा. माझ्याकडं आता दुसरं कोण बघतंय." काकूची माफी मागायची तऱ्हा ही.

आज हे सगळं लिहायला घेतलं ते दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रामुळे. तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. आई चौथी, बाबा सातवी. बाबा मिनिडोअर, म्हणजे सहा आसनी रिक्षा, चालवतात, दिघीच्या जेट्टीपासून आतल्या गावांपर्यंत. मला माणगावच्या बसला सोडायला ते पहाटे रिकामी गाडी काढायचे आणि वाटेत कुणी विचारलं तर मुद्दाम मोठ्याने सांगायचे, "पोरीला कॉलेजला सोडतोय." विचारणाऱ्याला ते माहीत असायचं. बाबांनाही ते माहीत असायचं.

त्या वर्षी दिवाळीआधीच्या परीक्षेत माझा एक विषय राहिला. अभ्यास झाला होता, उत्तरं येत होती, पण दुसऱ्या तासाला बोटं पेनाभोवती राहीनात. ओळी एकमेकींवर चढल्या. एकाच प्रश्नाचे दोन प्रश्न दिसायला लागले आणि खरा कुठला ते कळेना. कॉलेजने आधीच सांगितलं होतं, तुला लेखनिक मिळू शकतो, जादा वेळही मिळेल. मी नको म्हटलं होतं. माझं म्हणणं एवढंच होतं की आमच्या घरातली पहिली पदवी आहे, ती माझ्याच हातची असू दे. दुसऱ्याने लिहिलेल्या पेपराला मी माझा कसा म्हणू? लोक काय म्हणतील हा प्रश्न होताच, पण त्याहून मोठा होता मी स्वतःला काय म्हणेन हा. आता शेवटची परीक्षा आली होती, राहिलेल्या विषयासकट. यात राहिले असते तर पुढच्या वर्षी बाबांनी पुन्हा रिकामी गाडी काढली असती, त्याबद्दल मला शंका नव्हती. मलाच त्या गाडीत बसायचा धीर झाला नसता.

अशात आमच्या घरचा पापडांचा दिवस आला.

उकड मळायला सकाळीच काकू आली. तेलाचा हात लावून गरम गोळा ती असा दाबत होती की परात सरकत होती. मला लहानपणापासून पापडापेक्षा कच्ची लाटी जास्त आवडते, गरम, तेलात बुडवलेली. पण ती चिवट असते आणि माझा जबडा मध्येच थकतो. त्या दिवशी आईने न सांगता लाटीचे बारीक तुकडे करून वाटीत ठेवले होते. मी एकेक तुकडा खाल्ला आणि लाटायला बसले.

सुरुवातीचे पापड छान झाले, गोल, पातळ, पोळपाटावरची नक्षी खालून दिसेल असे. मग दंड जड व्हायला लागले. आई म्हणाली, "बस झालं आता." मी म्हटलं, "आपल्या घरचे आहेत, मी लाटणार." आणखी काही लाटले. त्यांना कडा नव्हत्या, आकार नव्हता. मग लाटणं हातातून निसटलं, घरंगळत गेलं आणि समोर लाटत बसलेल्या सुजाता वहिनीच्या गुडघ्याला लागून थांबलं. पोळपाटावरचा पापड मधोमध फाटला. मला रडू येत होतं, पण रडले तर आवाज नाकात जातो आणि तो मला ऐकवत नाही, म्हणून मी नुसतीच बसून राहिले.

काकूने लाटणं उचललं. "काय ग, सगळे तूच लाटणार हायस?"

"माझ्या घरचे आहेत ना."

"म्हणून? आगं, जी बाई आपलं पापड एकटीच लाटती तिला आपल्यात काय म्हंतात ठाव हाय का?"

मला वाटलं कामसू वगैरे म्हणेल.

"भांडकुदळ!" काकू म्हणाली. "वाडीत एक बाय तिच्या दारात येत न्हाय, म्हणून बसती लाटत एकटी!"

बाया इतक्या हसल्या की आईच्या हातातली लाटी तेलात पडली. मी हात वर केला. काकूने माझ्या पोळपाटावर नवी लाटी टाकली आणि स्वतःच लाटायला घेतली. फाटलेला पापड गोळा होऊन परत उकडीत गेला.

आता विचार केला की वाटतं, काकू काही फार मोठं बोलली नव्हती. पण मी त्या दुपारी विहाराच्या गच्चीवर पापडांवर लक्ष ठेवत सावलीत पडले होते आणि समोर आमच्या घरचे सगळे पापड पसरलेले होते. कुठला कुणी लाटला ते ओळखता येत होतं. काकूचे कडेला किंचित जाड. आईचे लहान. सुजाता वहिनीचे असे गोल की वाटी उलटी ठेवून कापल्यासारखे. आणि माझेही होते, सुरुवातीचे, चांगले. तरी कुणी विचारलं असतं की हे पापड कुणाचे, तर वाडीतल्या कुठल्याही पोराने आमच्या घराकडे बोट दाखवलं असतं. तांदूळ आमचे, चूल आमची. हात कितीही लागले तरी पापड आमचे. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पेपराच्या बाबतीत ते मला लागू करता आलं नव्हतं एवढंच.

संध्याकाळी चहाला सगळ्या बसल्या तेव्हा मी सांगून टाकलं की मी लेखनिक घेणार आहे. कॉलेजची अट अशी की तो माझ्यापेक्षा कमी शिकलेला हवा. कोण मिळेल याचा विचार सुरू झाला. पोरं सगळी एकतर दहावीच्या आतली नाहीतर कंपनीत कामाला.

"मी बारावी हाय," सुजाता वहिनी म्हणाली.

सुजाता वहिनी माझ्या चुलतभावाची बायको. श्रीवर्धनकडची. लग्न होऊन आली त्याला आता इतका काळ झाला होता की ती शिकलेली आहे हे आम्ही सगळेच विसरलो होतो. खरं तर तिचं अक्षर आमच्या रोज डोळ्यासमोर असायचं. पापडांचे डबे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक डब्यावर ती घराचं नाव लिहून चिठ्ठी चिकटवायची. छापल्यासारखं अक्षर. पण डब्यावरचं अक्षर कोण वाचतं, आपण आपला डबा उचलतो.

"तुला गाडी लागते ना पण?" आई म्हणाली.

"लागंल," वहिनी म्हणाली. "लिंबू चोखीन."

मग त्या चैत्रात आमची तालीम झाली, आणि ती पापड लाटतानाच झाली, कारण वहिनीला दुसरा मोकळा वेळ नव्हता. रोज ज्या घरी पापड असतील तिथे मी भिंतीला टेकून बसायची आणि वहिनीला उत्तरं सांगायची. ती ऐकायची, लाटायची, आणि मध्ये हात पुसून एखादा परिच्छेद लिहून दाखवायची. वहिनीपेक्षा तयारी माझीच जास्त लागणार होती. माझा आवाजही थकतो. तीन तास बोलायचं तर लांब वाक्यं परवडणार नव्हती. मी वाक्यं कापायला लागले. 'वरील सर्व बाबींचा साकल्याने विचार करता असे निदर्शनास येते की' हे सगळं गेलं. राहिलं ते फक्त सांगायचं होतं ते. आताही मी अशीच लिहिते. कुणी म्हणतं, तुझी भाषा साधी आहे. मला त्यात कौतुक आहे की तक्रार ते कळत नाही, पण ती साधी कशी झाली ते मला माहीत आहे.

राज्यशास्त्र सांगत असले की सगळ्या बायांना ऐकू जायचं. एकदा मी सांगत होते, "आपल्या संघराज्यात राज्यांना अधिकार आहेत. पण केंद्र जास्त प्रबळ आहे."

"मंजे चावी सासूकडं नि चूल सुनंकडं," काकू म्हणाली.

"काकू, ते नको मध्येच, वहिनी लिहील ते."

"लिव दे की. खरं हाय ते."

"मी फक्त हिचंच लिवणार," वहिनी मान वर न करता म्हणाली. "तुमचं न्हाय लिवायचं."

"बघा! अजून कॉलेजात गेली न्हाय तवर उलट बोलाय लागली!"

जयंती झाली. निळे झेंडे उतरले, मुंबईची माणसं पापड घेऊन परत गेली, आणि परीक्षा आली.

वहिनीने जाड काठाची जांभळी साडी नेसली होती, जी ती लग्नाला नेसते. बाबांनी पहाटे जेट्टीवरून मासळीच्या पेटीतला बर्फ आणून थर्मासात भरला होता, कारण पापणी पडली की तिच्यावर बर्फ धरला तर काही वेळ ती वर राहते. आईने तो बर्फ कितीदा धुतला तरी त्याला बोंबलाचा थोडा वास राहायचाच. माझी सगळी परीक्षा त्या वासात झाली. म्हसळ्याच्या पुढच्या वळणांवर वहिनी लिंबू चोखत डोळे मिटून बसायची आणि मी तिचा हात धरायची. कोण कुणाला परीक्षेला नेतंय हे एसटीतल्या माणसांना कळत नसावं.

आम्हाला तळमजल्यावर वेगळी खोली दिली होती. देखरेखीला एक मॅडम होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला: ही सांगेल तेवढंच लिहायचं, मध्ये बोलायचं नाही. वहिनीने मान हलवली. खोलीत शिरताना तिने चपला दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "अहो, घालून या." ती म्हणाली, "असू द्या." परीक्षा संपेपर्यंत रोज तिच्या चपला दाराबाहेरच राहिल्या.

शेवटचा पेपर राज्यशास्त्राचा होता, आधी राहिलेला. दुपारची वेळ, पंखा होता पण वारा गरम. पहिले प्रश्न नीट गेले. शेवटचा प्रश्न आला तो संघराज्याचा. मी सांगायला सुरुवात केली, दोन वाक्यं झाली, आणि आवाज नाकात गेला. 'प' आणि 'म' एकच यायला लागले. मग जीभच जड झाली. मी गोळी घेतली, मॅडमनी पाण्याचा पेला पुढे केला. घोट गिळायला मान खाली करावी लागली. मी हात वर केला, म्हणजे थांब.

वहिनीचं पेन कागदावर टेकलेलं होतं. तिला ते उत्तर पाठ होतं. सगळ्या चैत्रभर ते तिने ऐकलं होतं, काकूच्या सासू-सुनेसकट. पुढचं वाक्य कुठलं ते तिला माहीत होतं आणि तिला ते माहीत आहे हे मला माहीत होतं. मॅडम खिडकीपाशी गेल्या होत्या, त्यांची पाठ आमच्याकडे होती. घड्याळ चालू होतं. मी वहिनीकडे पाहिलं. पापणीवरचा बर्फ मी बाजूला केला, तर दोन वहिन्या दिसायला लागल्या, आणि दोघीही हलत नव्हत्या.

खरं सांगायचं तर त्या क्षणी तिने लिहावं असं मला वाटलं. बाबांची रिकामी गाडी मला दिसत होती. पण वहिनीने पेन उचलून बाजूला ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. लाटून झालं आणि पुढची लाटी यायची असली की ती अशीच बसते. तोंडावर घाईची एक रेघ नव्हती. कागदावर पेन टेकलं होतं तिथे निळा ठिपका पडला होता.

आम्ही बसून राहिलो. बाहेर एसटी स्टँडवर कुणीतरी गाडीचं नाव पुकारत होतं. गोळीला वेळ लागतो. मी मनातल्या मनात वाक्यं आणखी लहान केली. मग घशात काहीतरी मोकळं झालं, आणि मी म्हटलं, "राज्यपाल. केंद्र नेमतं." वहिनीने पेन उचललं. ती दोन-तीन शब्दांची वाक्यं होती, आणि त्यांच्यामध्ये लांब लांब थांबे. घंटा झाली तेव्हा उत्तर पुरं झालं होतं. सुंदर झालं नव्हतं. पुरं झालं होतं.

बाहेर आल्यावर वहिनी चपला घालताना म्हणाली, "मला पुढचं येत व्हतं."

"माहितेय."

"म्हणूनच पेन ठेवलं खाली. हात लिवाय लागला असता."

निकाल लागला तेव्हा बाबांनी गाडी मध्येच थांबवली आणि उतारूंना सांगितलं. आईने पापड तळले. आणि वहिनी ओल्या हातांनी धावत आली आणि दारातूनच विचारलं, "किती पडले आपल्याला?"

आपल्याला. मी तो शब्द कधी दुरुस्त केला नाही. पदवीवर माझं नाव आहे आणि उत्तरं माझी आहेत, प्रत्येक शब्द. तरी 'आपल्याला' हेच बरोबर आहे, आणि याचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा एकटीने लिहिलेल्या कुठल्याही पेपराचा झाला नसता.

आजार आहे तिथेच आहे. मधल्या पावसाळ्यात एकदा श्वासाला त्रास झाला आणि बरेच दिवस हॉस्पिटलात काढले. औषधांनी चेहरा सुजतो तेव्हा काकू म्हणते, "बरी दिसतीस, खात्यापित्या घरची." आता मी एम.ए. करते. हा लेख सकाळी स्वतः लिहिते आणि हात थकला की फोनला सांगते. संध्याकाळी फोनला माझं बोलणं कळत नाही, भलतंच लिहितो. मग वहिनी लिहिते.

आणि यंदा वहिनीने स्वतः बी.ए.ला नाव घातलंय, घरी राहून करता येतं तसलं. आज काकूच्या अंगणात ती लाटायला बसली तेव्हा तिचं पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवून उभं होतं आणि त्याच्या पानांना तेलाचे हात लागले होते. मी सकाळच्या ताकदीचे पापड लाटले, चांगले झाले. दंड जड झाले तसं मी लाटणं पुढे धरलं. काकूने बोलणं न थांबवता, माझ्याकडे न बघताच ते घेतलं.

"लोकशाहीचं सांग ग पयलं," वहिनी म्हणाली. "मला ते नीट बसत न्हाय डोक्यात."

मी सांगायला लागले. ऊन वर आलं होतं. दुसऱ्या वाक्याच्या मध्येच आवाज नाकात गेला, आणि मी हात वर केला.

"थांबते," वहिनी म्हणाली आणि पुढची लाटी घेतली.

लाटण्यांचा आवाज तेवढा येत राहिला. काकूसुद्धा गप्प होती, जे तिला जड जातं. सगळ्यांना अर्धं वाक्य ऐकू गेलं होतं आणि उरलेलं अर्धं माझ्याकडे होतं. ते माझ्या आधी कुणीही पुरं केलं नाही.